दोन नंबरचा रिमोट

टेक एक.

"नमस्कार मंडळी! आजची कॅसेट रणगाड्यांची—"

गुरुशांत थांबला. पंखा चालूच राहिला होता. त्याची घरघर व्हिडिओत येते. एप्रिलात, पत्र्याखाली, पंखा बंद करायचा म्हणजे शिक्षाच. त्यानं केला.

टेक दोन.

(घाम डोळ्यात.)

आठवडाभर टॉवेलच्या दुकानात घड्या उलगडून दाखवणारा, चाळिशीला टेकलेला हा एकटा माणूस सुट्टीला लहानपणीचे टीव्ही गेम पुन्हा खेळून त्यांना दहापैकी गुण देई. चॅनेलवर जेमतेम तीनशे माणसं. ती गेमसाठी नव्हे, 'कच्च्या अक्षता'साठी येतात, हे त्यालाही कळून चुकलं होतं. अकरा व्हिडिओंत त्यानं धाकट्या बहिणीची, अक्षताची, टर उडवली होती: कशी पुतळ्यासारखी उभी राहायची, कशी पहिल्याच गोळीला मरायची.

दुधनीला दिलेली अक्षता गौरीच्या सणाला माहेरी आली तेव्हा म्हणाली होती, "अण्णा, माझं नाव घेऊ नको तितं."

त्यानं घेतलं. पूर्वी दर रविवारी तिचा फोन यायचा. आठ महिने झाले, आला नव्हता. दुसरं कुणी करणारं नव्हतंच.

टेक पाच.

चित्रं : सात.
आवाज : आठ.
दोघांनी खेळायची मजा :

इथं गाडी अडली. दोन नंबरचा रणगाडा हलेना. कॅसेट फुंकून झाली, रिमोट आपटून झाला. मग त्यानं फोन उचलला. आठ महिने सापडत नव्हतं ते निमित्त आयतं हातात आलं होतं.

"हां."

"अक्षता, दोन नंबरचा रिमोट चालंना की."

पलीकडे मिक्सर फिरत होता. तो बंद झाला.

"वायर दाबून धर. मानेपाशी, डाव्या अंगठ्यानं."

"कधीपासून हाय असं?"

"पहिल्यापासून. सांगितलं असतं तर तू मला खेळूच दिलं नसतंस."

त्यानं रिमोट उलटा करून पाहिला.

"एवढंच विचारायला फोन केलास?"

खरं उत्तर 'नाही' होतं. "व्हय," तो म्हणाला.

"दुखतो अंगठा थोड्या वेळानं. सवय होते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

टेक सहा.

त्यानं वायर दाबली. रणगाडा जागा झाला. आता उरला एकच हात. चालावं तर गोळी सुटत नाही. गोळी मारावी तर चालता येत नाही. तो पुतळ्यासारखा उभा राहिला. शत्रूच्या पहिल्याच गोळीला मेला. पुन्हा उभा. पुन्हा मेला. शेजारी एक नंबरचा रणगाडा नुसता उभा; त्याला चालवायला कुणी नाही, आणि हसायलाही. अर्ध्या तासात अंगठ्यावर वळ उठला. तिनं हे सहा वर्षं केलं होतं.

त्यानं अकरा व्हिडिओ एकेक करून पुसले. बारावा चढवला: एक हात, एक अंगठा, चौदा मरणं. विनोद नाही, गुण नाहीत. तो अक्षतालाही पाठवला.

चॅनेलवर पहिली प्रतिक्रिया आली: 'बोअर केलंत राव. ताईचं सांगा की.'

अक्षताच्या नावापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या. पुढे काही नाही.

रविवार आला. गुरुशांतनं त्या दिवशी काहीच रेकॉर्ड केलं नाही. फोन मात्र पुढ्यात ठेवला, आणि पंखा बंद.