गल्लीच्या तोंडाला पत्रा

साहेब आमच्या रस्त्याने जाणार म्हटलं की आमची गल्ली झाकायची, हे ठरलेलंच. निवडणुकीआधी हेच साहेब आमच्या आईच्या खाटेवर बसून गेले होते, "आई, तुमच्यासाठी दवाखाना बांधतो" म्हणून. बांधला, नाही असं नाही. रस्त्यापलीकडे, टॉवरवाल्यांच्या बाजूला. आता त्याच्याच उद्घाटनाला निघाले होते आणि वाटेत आम्ही दिसायला नको.

झाकायचं काम माझ्या दादाकडे. दादा मांडववाला. मागच्या खेपेला पोरांनी आतून दोऱ्या सोडून डोकी बाहेर काढली, तर ठेकेदाराने चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. तेव्हापासून दादा पत्र्याच्या गाठी रस्त्याच्या बाजूने मारायचा. बाहेरून दोरीचं टोक ओढलं की गाठ एका झटक्यात सुटते. आतून ढकलाल तितकी आवळते. त्या गाठीचा त्याला कोण अभिमान. गल्लीला दुसरी वाट नाही, मागे कारखान्याची भिंत आहे.

पत्रा लागत होता तेव्हा आई दारात बसली होती.

"आम्ही काय कोंबड्या आहोत का रे, डालून ठेवायला?"

"तासाभराचा प्रश्न आहे, आई. मी बाहेरच उभा आहे. हाक मार, लगेच उघडतो."

"हाक मारायला दम नको का?" ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. दम्याने तिला कधीचं पोखरलं होतं.

मी समोरच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर धुणीभांडी करते. त्या दिवशी बाईसाहेब गॅलरीत चहा घेत उभ्या होत्या. खाली पत्र्यावर साहेबांचा हसरा चेहरा लावलेला, दोन माणसांइतका उंच.

"आज रस्ता किती स्वच्छ वाटतोय ना?" त्या म्हणाल्या.

"आम्ही नाही ना त्यात," मी म्हणाले. त्या हसल्या. त्यांना विनोद वाटला.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. आईला धाप लागलीय, औषध ओढून झालं, काही उपयोग नाही, आणि पत्रा उघडत नाहीये. मी गॅलरीतून वाकून बघितलं. वरून दोन्ही बाजू दिसत होत्या. आत वहिनी, आईला पाठुंगळी घेऊन. बाहेर एकटा हवालदार. दादा कुठेच नाही. नंतर कळलं, कामकरी माणसं साहेबांच्या नजरेला पडू नयेत म्हणून पोलिसांनी सगळ्यांना पार चौकापलीकडे नेऊन बसवलं होतं, फोन काढून घेऊन. मी दादाला फोन लावत होते आणि तो बंद लागत होता.

लिफ्ट बंद ठेवलेली. जिन्याने धावत खाली आले तर गेटला कुलूप.

"ताफा गेल्याशिवाय उघडता येत नाही, ताई," वॉचमन म्हणाला. "माझ्या पोटावर पाय येईल."

मी त्याला नको नको ते बोलले. मग गजांतून हवालदाराला ओरडून सांगितलं, "अहो, ती दोरी नुसती ओढा. माझी आई आहे आत. दवाखाना समोर आहे, डॉक्टर आलेत तिथे." त्याने दोरीकडे पाहिलं. हात थोडा उचललाही. मग गाड्यांचे भोंगे ऐकू आले आणि तो ताठ उभा राहिला.

वहिनी आतून पत्रा बडवत होती. एकेक थाप पडली की साहेबांचा गाल थरथरायचा. शेजारपाजारचेही बडवायला लागले, कुणी हाताने, कुणी पातेल्याने. साहेबांची गाडी थांबली. साहेब उतरले आणि पत्र्याकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, ऐकलं याने.

साहेबांनी स्वतःच्याच चेहऱ्याला हात जोडले. बरोबरच्याला म्हणाले, "बघा, लोकांचं प्रेम." आणि गाडीत बसले.

ताफा गेल्यावर गेट उघडलं. मी रस्ता ओलांडला आणि दादा धावत आला तेव्हा आतले आवाज थांबले होते. त्याने टोक ओढलं, गाठ एका झटक्यात सुटली. वहिनी तशीच उभी होती, आईला पाठीवर घेऊन. आईची मान तिच्या खांद्यावर पडली होती. वहिनी म्हणाली, "आता घाई नाही."

आईला खाटेवर ठेवलं. त्याच खाटेवर. मी तिच्या पायाशी बसले आणि मला रडूही येईना, इतका संताप आला होता.

ठेकेदार आलाच. आत डोकावला, जरा चपापला. मग दादाला बाजूला घेऊन म्हणाला, "वाईट झालं. पण साहेब याच रस्त्याने परत जाणार आहेत. पत्रा लावून घे, मग बघू काय ते."

मला वाटलं दादा त्याचा गळा धरेल. त्याने ठेकेदाराला नुसतं हाताने बाहेर सारलं, पत्रा ओढून घेतला आणि दोरी आत घेऊन गाठ मारली. तीच गाठ, टोक आपल्या बाजूला. मग येऊन आईच्या उशाशी बसला.

जरा वेळाने पत्र्यावर थाप पडली. "अरे, चेहरा वाकडा झालाय, उघड," ठेकेदार बाहेरून म्हणत होता. "गाड्या निघाल्या तिकडून."

गल्लीतलं कुणी उठलं नाही. तो वाजवत राहिला.