धाडा म्हटल्याशिवाय

"माय, इथं उघडलं म्हून लेकराचा पाळणा खाली बांधू नका. माळावरलं पानी मागून येतंय," वरच्या घरच्या धुरपताबाई आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.

मी हसले. हैदराबादेत कॉलेज शिकून आलेली मी. पाऊस थांबला की नाही एवढं मला कळत होतं. आमच्या यांची जिंतूरच्या तहसील कचेरीत नोकरी. बिऱ्हाडात वारा लागे तो फक्त अंगणालगतच्या ओसरीत. माझ्या तान्ह्या उमाचा पाळणा तिथेच राहिला. मूळची मी घाबरट. विंचू, ताप, आडाचा काठ, सगळ्यांची फिकीर करायची. पाण्याची तेवढी केली नाही.

आमची आळी उतारावर. एकाखाली एक अंगण, मध्ये पुरुषभर उंच भिंत, आणि भिंतीच्या बुडाशी मोरी, गोणपाटात गुंडाळलेल्या धोंड्यानं बुजवलेली. पूर्वी माळाचं पाणी नाल्यानं बाहेरून जाई. नाल्यावर कापसाची वखार उभी राहिली, बाजारात फरशी झाली, तेव्हापासून ते घराघरांतून वाट काढायला लागलं. मग बायकांनीच रीत पाडली. वरचीनं विचारायचं, "पानी धाडू का?" खालचीनं "धाडा" म्हणायचं. त्याआधी धोंडा काढायचा नाही.

त्या दुपारी आभाळ कोसळलं आणि थांबलं. ऊन पडलं. ओल्या भिंतींतून वाफ निघत होती, पाळण्याची सावली ओसरीभर झुलत होती, आणि मलाही डुलकी लागत होती. तेवढ्यात दूरवरून घरघर आली, कुणी जातं ओढत असावं अशी. माळ आपलं पाणी आत्ता कुठे खाली सोडत होता.

"माय! पानी धाडू का?"

मी उमाला उचलून खांद्यावर घेतलं. आधी खालच्या कस्तुराबाईंना विचारलं.

"धाडा की! कवाची वाट बघायलेय, बाजेवर चढून बसलेय!" त्या हसत ओरडल्या.

आमचा धोंडा काढून मी वर तोंड केलं. "धाडा!"

पाणी आलं नाही.

"लेकरू उचललं का?" वरून हाक.

"उचललं! धाडा!" उमा दचकून रडायला लागली.

"माय, पानी धाडू का?"

आमच्या अंगणात स्वच्छ ऊन होतं. वरच्या भिंतीच्या मोरीतून नुसते थेंब गळत होते.

उमाला घेऊन मी गल्लीनं वर धावले. धुरपताबाईंच्या अंगणात मांडीभर काळं पाणी. त्यावर कडब्याच्या पेंढ्या, एक उलटी टोपली आणि आभाळाचा निळा तुकडा तरंगत होता. मधोमध ज्वारी साठवायच्या, जमिनीत खणलेल्या पेवाचं तोंड. तिथं पाणी गोल फिरत, बुडबुडे काढत आत उतरत होतं. एकट्या बाईची वर्षाची भाकर. आणि धुरपताबाई भिंतीशी वाकून, दोन्ही हातांनी मोरीतला धोंडा धरून उभ्या. हात काढला असता तर तो सुटून पाण्याचा लोंढा आमच्या ओसरीत आला असता.

"धाडा!" मी अगदी मागून म्हणाले.

त्या हलल्या नाहीत.

तेव्हा मला कळलं. पाण्यात उतरून मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी वळून आधी उमाला पाहिलं. तिचे कोरडे पाय चाचपले. मग धोंडा ओढला.

"तुमचं धाडा आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनलं, लेकरू खालीच हाय."

"मावशी, पेव..."

"भिजलं की." त्या पदर पिळत राहिल्या. "पान्याचा आवाज लय व्हता बगा. काई ऐकूच येईना."

अंगणात आवाज असा नव्हताच.

"हो," मी म्हणाले. "फार होता."

पुढं यांची बदली झाली. आमच्या त्या बिऱ्हाडात आता कोण राहतं, त्यांच्या घरी पाळणा आहे का, मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणी जिंतूरला असेल, तर पाऊस उघडून ऊन पडल्यावर वखारीमागच्या आळीत जरा जाऊन या. वरच्या घरात धुरपताबाई आहेत का बघा. खालून ओरडू नका. समोर जा, हातावर हात ठेवा, आणि खालच्या बिऱ्हाडात लेकरू असेल तर ते कडेवर घेऊन जा. कोरडं दिसल्याशिवाय त्या धोंडा सोडायच्या नाहीत.