पेंडी

"या चाळीसच्या चाळीस काचा खराब आहेत, श्रावणभाऊ," सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच कामिनी मॅडम म्हणाल्या. "धागे सारे एका कडेले गोळा झाले. दाबताना अंगठा सरकत असन तुमचा. काढून टाका त्या."

श्रावणभाऊंनी अंगठा मुठीत घेतला. लाखनीच्या या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते परिचर. पंधरा दिवसांनी निवृत्त व्हायचे होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी त्यांनी काचांची ही लाकडी पेटी भरायला घेतली, त्याला वीस वर्षं झाली. धान निसवून लोंब्या आल्या की बांधीच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, नाकतोडे धरून आणायचे, त्यातले नर निवडायचे, वृषण काढून रंगवायचं, वर पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. पेशी नीट पसरली तर आतली गुणसूत्रं धाग्यांसारखी दिसतात. दाब कमी झाला तर काहीच दिसत नाही, जास्त झाला तर सगळा चेंदा. या अंगठ्यावर किती पोरं पास झाली, ते त्या पोरांनाही ठाऊक नव्हतं.

मॅडम वर्षभरापूर्वीच आल्या होत्या. हुशार बाई, मनाने वाईट मुळीच नव्हती. पण बोलणं श्रावणभाऊंच्या जिव्हारी लागलं, कारण अंगठा खरंच थरथरत होता. घरी चहा बशीत सांडायचा आणि बायको सुशीलाबाई मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. पण तो थरथरायला लागला यंदाच्या उन्हाळ्यापासून, आणि त्या चाळीसातल्या निम्म्या काचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या होत्या. हे सांगायला गेलं तर नाचता येईना अंगण वाकडं, असंच कोणीही म्हटलं असतं. तोंडाने सांगून उपयोग नव्हता. त्या काचा फेकू द्यायच्या नाहीत, एवढं मात्र त्यांनी घरी पोचेपर्यंत पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत ते धुऱ्यावर होते. नाकतोडे ओले असले की उडत नाहीत, ही त्यांची जुनी युक्ती. सहा नर डब्यात घालून ते सगळ्यांच्या आधी कॉलेजात पोचले. दुपारी मॅडम तासावरून आल्या तेव्हा मेजावर रंगवलेल्या काचा ओळीने तयार होत्या. प्रत्येकीवर पातळ काच ठेवलेली होती, टिपकागदही घातलेला होता.

"मॅडम, आज तुमी दाबा," श्रावणभाऊ म्हणाले. "मी बोट बी लावत नाही."

मॅडमनी आधी टाळलं, सवय नाही म्हणाल्या. श्रावणभाऊ तिथून हलले नाहीत. शेवटी त्यांनी पदर खोचला आणि दाबलं. पहिली काच फुटली. दुसऱ्या काचेतला चेंदा झाला. तिसरीच्या वेळी श्रावणभाऊ एवढंच म्हणाले, की पिकलं सीताफळ बघताना दाबतो तसं दाबा. ती नीट पसरली. मग मॅडमनी भिंगाला डोळा लावला.

"दिसून राहिलं का?"

"हो. तसेच एका कडेले."

"आता बाजूची पेशी पाहा. तिच्यातले कोणत्या कडेले हायेत?"

मॅडमनी काच सरकवली. "खालच्या."

"अन् तिच्या बाजूची?"

"डावीकडे." मॅडमनी मान वर केली. "साऱ्यांचं तोंड येगळं येगळं आहे."

"अंगठा सरकला असता तर सारे एकाच अंगाले गेले असते ना, मॅडम? धाग्यांचे शेंडे भिंतीले चिकटून हायेत. धानाच्या पऱ्ह्याची रोपं मुठीत धरून पेंडी बांधल्यावानी. मी याले पेंडीच म्हणतो."

मॅडमनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. पुष्पगुच्छ अवस्था. हे नाव त्यांनी वर्गात दहादा शिकवलं होतं, फळ्यावर चित्र काढलं होतं, पण काचेवर कधी पाहिलंच नव्हतं. अर्धसूत्री विभाजनाच्या आरंभी गुणसूत्रांची टोकं केंद्रकाच्या आवरणाला आतून चिकटतात, त्यावरून सरकत एका कडेला गोळा होतात, आणि त्यामुळे प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार सापडायला सोपं जातं. मॅडमनी हे मोठ्याने वाचून दाखवलं.

"धरायले भिंत नसन त जोडी कशी सापडन?" श्रावणभाऊ म्हणाले. त्यांना यात नवल वाटलं नाही. इतका आनंद मात्र कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मॅडमनी माफी मागितली. मग नव्या काचेवर कागदाचा तुकडा चिकटवला, अवस्थेचं नाव लिहिलं आणि खाली 'श्रावण' लिहायला घेतलं.

"नाही मॅडम. तिथं तुमचं नाव लिवा. दाब तुमचा हाये."

मॅडमनी पेटी पुढे ओढली. एकेक काच उजेडात धरली. दीडशे काचांवर अवस्था होती, साल होतं, नाव कुठेच नव्हतं.

"मग या कोणाच्या दाबाच्या?" त्यांनी विचारलं.

 मॅडम पहिल्या काचेपासून श्रावणभाऊंचं पूर्ण नाव लिहीत गेल्या, आणि ते समोर उभे राहून बघत होते, थरथरू नये म्हणून अंगठा मेजाच्या काठावर घट्ट दाबून.