उतरलं का?

पिशवी फुगली होती. चीज घातलेल्या कडक बिस्किटांची साधी प्लॅस्टिकची पिशवी – सांता क्रूसच्या दुकानातून उचलली तेव्हा चपटी, सुरकुतलेली. आणि इथे, उंच डोंगरावरच्या पोतोसीत, टेबलावर तट्ट फुगून बसलेली. बेनीता उशीवरून डोकं न हलवता तिच्याकडे बघत राहिली. डोकं हलवलं की कपाळाच्या आत काहीतरी डचमळतं, हे परवा आल्यापासून तिला कळून चुकलं होतं. पिशवीत खालची हवा आहे, तिच्या मनात आलं – जाड, दमट, घामेजलेली हवा – आणि तिला आता बाहेर यायचंय. फुटेल का? फुटली तर मोठा आवाज होईल, आणि तेवढ्यापुरता तरी भिंतीपलीकडचा तो दुसरा आवाज ऐकू येणार नाही.

आत जाताना बारीक शीळ. बाहेर येताना खरखर. आणि दोहोंच्या मध्ये एक रिकामी जागा... त्या रिकाम्या जागेत बेनीता थांबून राहायची, आपलाही श्वास धरून, आणि मग पलीकडे शीळ वाजली की तिला धाप लागायची. सेनोनदादा कुशीवर वळला असेल. नाहीतर भिंतीला टेकून बसला असेल, आडवं होणं त्याला आता जमत नाही म्हणे.

लाज वाटण्यासारखीच गोष्ट होती. ह्याच घरात, ह्याच पलंगावर ती जन्मली. ह्या चढाच्या गल्लीतून पाण्याच्या बादल्या घेऊन धावली. आणि आता मोरीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागत होती. सोरोचे – उंचावरच्या विरळ हवेची बाधा – लागायचं ते परक्यांना, फोटो काढायला येऊन चर्चच्या पायऱ्यांवर ओकणाऱ्यांना. इथल्या पोरींना नाही. परवा दारातच सेनोन खदखदून हसला होता. "अगं बाई, कांबा झाली की ही पुरती!" – खालच्या उष्ण मुलखातल्यांना इथे असंच चिडवतात – "डोंगरानं ओळखलं नाही बघ तुला." आणि हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत तिघंही आपापल्या पायांकडे बघत उभी राहिली होती.

वहिनी कोकाच्या पानांचा चहा घेऊन आली. इलारिया पहिल्यापासून मोठ्यानं बोलणारी, गेल्या वर्षात जरा जास्तच मोठ्यानं.

"वन्सं, खालची पानंसुद्धा चावून टाका. नुसतं कोमट पाणी पिऊन काय होणार?"

"दादाला झोप लागली का गं रात्री?"

"ह्यांना काय धाड भरलीय? थोडं सोरोचे झालंय, इतकंच." हे ती कपाकडे बघत म्हणाली, बेनीताकडे नाही.

थोडं सोरोचे... ह्या घराचा हा शब्द. दुसऱ्या कुठल्या घरात तो असा वापरत असतील का, कोण जाणे. बाबा खाणीतून कायमचे घरी बसले तेव्हा आई शेजारणींना हेच सांगायची, ह्याच बेपर्वा आवाजात. आणि शेजारणी मान डोलवायच्या, जणू आयुष्यात एकदाही डोंगर उतरून खाली न गेलेल्या माणसाला उंची बाधते ह्यात नवल काहीच नाही. खाणीच्या रोगाचं नाव घरात घ्यायचं नव्हतं. नाव घेतलं की तो येऊन बसतो. लहानग्या बेनीताला मात्र ते खरंच वाटायचं. पाहुण्यांचं दोन दिवसांत जातं, बाबांचंही जाईल, मग ते आपल्याला खांद्यावर घेतील. ती रोज सकाळी उंबऱ्यावर जाऊन विचारायची, "उतरलं का, बाबा?" आणि बाबा म्हणायचे, "उतरतंय." फार शहाणा माणूस. खोटं बोलला नाही आणि खरंही नाही.

आणि बाबांमागून खाणीत गेलेल्या सेनोननं फोनवर तेच सांगितलं, थोडं सोरोचे झालंय गं, आणि मी हसले. तुला? म्हटलं. तुझी छाती म्हणजे लोहाराचा भाता, तुला कसलं सोरोचे? फोन ठेवला, पंखा लावला, तांदूळ धुवायला घेतले... आणि हात पाण्यातच राहिले. इतकी वर्षं खाली राहून मी माझ्याच घराची भाषा विसरले होते.

म्हणून ती आली. सेनोनला न्यायला. सांता क्रूसच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोग जाणार नाही, पण खालच्या जाड हवेत माणूस जरा सुखानं श्वास घेईल, काही वर्षं मिळतील. मागची खोली तिनं रंगवून ठेवली होती. गाडी उद्या सकाळची. पण परवा तिनं तोंड उघडताच सेनोननं हात वर केला होता. "आधी तुझं उतरू दे. मग माझ्या उतरण्याचं बोलू." आणि डोळा मारला. तेव्हापासून ती पडून होती, आणि आपल्याच कपाळाच्या ठणक्याची वाट बघत होती – जा रे, लवकर जा.

दुपारी जेवायला मात्र ती उठून बसली. मक्याच्या पिठाचं घट्ट सूप, वाडग्यात तापवलेला दगड टाकलेला. दगडाभोवती सूप रटरट उकळत होतं, आणि समोर सेनोनची खरखर. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत होते. त्याचे खांदे कानांजवळ आलेले, मान बारीक झालेली, पण डोळे तेच, खोडकर.

"पाहुणीनं आणलेलं कुणी उघडणार आहे की नाही?" त्यानं फुगलेली पिशवी ओढली, कोपरा दातात धरला. फुस्स... आणि पिशवी पुन्हा चपटी, सुरकुतलेली होण्याआधीच त्यानं तिच्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून एक लांब श्वास आत ओढला. शीळ वाजलीच नाही. बेनीतानं टेबलाची कड घट्ट धरली. किती छान दिसला तो त्या क्षणी, किती तरुण.

मग तो खोकला. बराच वेळ.

"झालं," डोळे पुसत तो म्हणाला, "आलो तुझ्या सांता क्रूसला जाऊन. दमट आहे. आपल्याला नाही मानवलं."

इलारिया चमच्यानं वाडग्यातला दगड फिरवत बसली. दगड निवला होता. हे उत्तर नव्हे, बेनीता स्वतःला सांगत राहिली, ही थट्टा आहे. उत्तर मी विचारल्यावर देणार आहे तो. अजून विचारलेलं नाही. अजून बाकी आहे.

ऊन भिंतीवरून सरकत गेलं. सेनोन उंबऱ्यावर जाऊन बसला, बाबांच्याच जागी, खांब पाठीशी घेऊन. गल्लीच्या टोकाला डोंगर तांबडा झाला होता, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत उकरलेला, तरी उभा. बेनीता शाल गुंडाळून त्याच्या बाजूनं बाहेर पडली. जरा पाय मोकळे करावेत म्हणून चढाला लागली. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत गेली, तिथून परत फिरली, आणि दाराशी येऊन उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की भिंत धरावी लागली नाही. कपाळ स्वच्छ होतं. हवा पातळ, थंड, ओळखीची, आपोआप आत जात होती.

आणि सगळं शांत होतं. फार शांत.

ती चमकून वळली – आवाज! दादाचा आवाज! – पण सेनोन होता तसाच बसलेला, खांदे वर जात होते, खाली येत होते. तिनं कान दिला, मुद्दाम, मन लावून, तेव्हा कुठे ऐकू आली ती शीळ. ती थांबलेली नव्हतीच. दुपारभर चालू होती, शेजारच्या घरातल्या नळासारखी. आईला असंच झालं असणार. ह्या घरात असंच होत असणार: एके दिवशी कान जुळवून घेतो, आणि मग माणूस शेजारी बसून बटाटे सोलू शकतो. डोकेदुखी परत यावी असं बेनीताला वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

सेनोननं मान वर केली. बहिणीचा चेहरा त्यानं नीट न्याहाळला – गालांवर रंग परतला होता, तो लपवता येण्यासारखा नव्हता.

"उतरलं का गं?" त्यानं विचारलं.

ती त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. उतरलं म्हटलं की विचारावं लागणार होतं. डोंगराचा तांबडा रंग पायथ्याकडून विझत चालला होता. दादाच्या त्या रिकाम्या जागेत, शीळ वाजायच्या आधी, तिनं घाईघाईनं सांगून टाकलं,

"उतरतंय."