खोट्या आत्याची मुलगी

तो काळच असा होता, की मनाच्या आजाराला लोक 'डोक्यावर परिणाम' म्हणत आणि दोन बायकांच्या प्रेमाला तर नावच नसे. चष्मेवालीच्या वाट्याला दोन्ही आलं होतं.

ती दुकानात चष्म्यांच्या काचा घासायची आणि तिची मैत्रीण बस चालवायची. वीस वर्षं दोघींचं एकच घर, एकच चूल. त्या हिवाळ्यात चष्मेवालीचं मन असं विझलं, की केसांतून कंगवा फिरवणंही जड जाऊ लागलं. ड्रायव्हरणीनं तिला इस्पितळात नेलं. तिथे रक्ताच्या नात्यालाच आत सोडत. "मी हिची आतेबहीण," ड्रायव्हरणीनं ठोकून दिलं. मग रोज ड्यूटी संपली, की गणवेशातच येऊन उशाशी बसायची आणि बसमधली भांडणं रंगवून सांगायची. एके दिवशी चष्मेवाली खुदकन हसली. हळूहळू औषधंही लागू पडली.

घरी सोडायच्या दिवशी मात्र चष्मेवालीचे दादा-वहिनी हजर. "आता आमच्याकडेच राहायचं," दादा म्हणाला. "त्या बाईच्या नादानं तुझी ही गत झाली."

सिस्टरनं दाराकडे बोट केलं. "अहो, पण तुमची आतेबहीण आलीय ना न्यायला."

"आतेबहीण? आम्हाला आत्याच नाही."

"मग ही कोण?" सिस्टरनं विचारलं.

भर चौकात ट्रकवाल्यांना गप्प करणारी ड्रायव्हरीण, पण आता ती गणवेशाचं बटण चाचपत राहिली. चष्मेवालीला कळून चुकलं, आत्ता गप्प राहिलो तर दादा घेऊन जाणार आणि त्या घरात आपण पुन्हा विझणार. पलंगाचा दांडा धरून ती उठली.

"ती माझी आहे, दादा. आमचा संसार आहे. आजारी पडले ती मी, आणि सावरलं ते तिनं. मी माझ्या घरी जाणार."

शेजारच्या पलंगावरची आजी नीट ऐकू यावं म्हणून उठून बसली.

"मग तसं आधीच सांगायचं," सिस्टर म्हणाली. "उगाच एक आत्या जन्माला घातलीत."

पहिली हसली ती वहिनी. दादानं डोळे वटारले, तरी तिनं त्याच्या हातातली चष्मेवालीच्या कपड्यांची पिशवी काढून ड्रायव्हरणीला दिली. "स्वेटर वरच आहे. हिला सर्दी लवकर होते."

"ठाऊक आहे, वहिनी."

वहिनी या हाकेवर दादानं मान फिरवली, पण वाट सोडली.

इस्पितळाबाहेरच्या बसथांब्यावर ही मोठी गर्दी होती. चष्मेवालीनं सगळ्यांदेखत ड्रायव्हरणीचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.