पिटुकलीची सायकल

मित्रांनो, हसू नका. मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे आणि बेढब आहे, हे मला ठाऊक आहे. लहान मुलांचे पाय माझ्या पायडलला पोचत नाहीत आणि मोठा माणूस बसला तर त्याचे गुडघे हँडलला आपटतात. मग मला बनवलं तरी कुणासाठी? मला जन्मापासूनच नसत्या चौकशा फार!

सर्कशीत चिंपांझीचा खेळ करणारे मास्तर सायकलवाल्याच्या दुकानात येऊन बसायचे. "अजून मोठी कर. हँडल उंच, चाकं जाड," असं त्यांचं सारखं चालायचं.

"अहो मास्तर, चिंपांझी बसणार आहे की हत्ती?" सायकलवाला वैतागला. मास्तर हसून पुन्हा म्हणाले, "अजून थोडी मोठी!"

मग पिटुकली भेटली. लाल फ्रॉक घातलेली, महा खोडकर चिंपांझी! पायांच्या अंगठ्यांनी पायडल घट्ट धरायची आणि जाता जाता मास्तरांची टोपी पळवायची. तंबूत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. "अय्या, केवढीशी आहे!" असं बायका म्हणायच्या. टाळ्या पडल्या की मीही फुगायचे, खोटं कशाला बोलू?

पण दर वर्षी मास्तर स्वतःची टोपी आधीपेक्षा मोठी का घेतात? तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पिटुकली वाढत होती! माझ्याशेजारी ती लहान दिसायची, एवढंच. लोकांना इवलासाच चिंपांझी आवडायचा; मोठा झाला की सर्कशीचे मालक त्याला विकून टाकत. मग परका पिंजरा आणि ओळखीचं माणूस एकही नाही. म्हणून तर मास्तरांनी मला आणि टोपीला एवढं मोठं करून घेतलं होतं.

पण असं सोंग किती दिवस टिकणार? एकदा मालक फोटोसाठी तिला कडेवर घ्यायला गेले आणि दोघेही रिंगणातल्या भुशात आडवे झाले. मालक कपडे झाडत उठले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या त्या भल्यामोठ्या टोपीकडे पाहिलं.

"मास्तर, मला काय खुळा समजलात?"

मास्तरांनी टोपी काढली. "चुकलं माझं. विकायची तर विका. पण ती जाईल तिथं मीही जाणार. झाडू मारीन, पण तिला एकटीला सोडणार नाही."

आणि खरंच, मालकांनी तिला विकलं तेव्हा आम्ही तिघं या प्राणिसंग्रहालयात आलो. पहिल्याच सकाळी मास्तरांनी तिचा फ्रॉक उतरवला. त्याच्या शिवणी केव्हाच उसवत आल्या होत्या. पिटुकलीनं हात ताणले, वरचा गज धरला आणि ती सगळं अंग मोकळं सोडून लोंबकळली. इतकी वर्षं ओठांत दाबून ठेवलेलं वाक्य शेवटी मास्तरांच्या तोंडून निघालं.

"अगं बाई, केवढी मोठी झालीस!"

मित्रांनो, तुमच्या चपला तोकड्या झाल्या की घरात असंच म्हणतात ना? किती कौतुकानं म्हणतात! पिटुकलीला मात्र ते तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मिळालं. म्हणून सांगते, लहानपणी ज्याचे लाड केलेत, ते मोठं झाल्यावर त्याला टाकू नका.

मला गंज चढलाय, तेलाचे दोन थेंब घातलेत तर बरं वाटेल. पण आधी तिला भेटून या. आणि तिच्यासमोर 'केवढीशी' म्हणू नका हं.