ऐकू येण्याआधी

स्वानंदी दिवाळीला आली की तिच्या तोंडून चार शब्द वर्गातल्या मुलींना ऐकवायचे, हे मी गणपतीतच ठरवून टाकलं होतं. स्वानंदी माझी नात. बंगळूरला एका प्रयोगशाळेत काम करते. पोटातल्या बाळाच्या मेंदूचा सगळ्यांत बाहेरचा थर कसा घडतो, हा तिच्या संशोधनाचा विषय. मला एवढंच ठाऊक होतं आणि तेवढं पुरेसं वाटत होतं.

वर्ग म्हणजे माझा गर्भसंस्काराचा. दर गुरुवारी दुपारी पंडित कॉलनीतल्या आमच्या हॉलमध्ये गरोदर मुली जमतात. मी स्तोत्रं म्हणते, त्या मागून म्हणतात. माझे वडील गंगाधरशास्त्री गोदेच्या घाटावर यजमानांचे विधी सांगत. आई म्हणायची, "तू पोटात होतीस तेव्हा पहाटे यांचं पठण ऐकत मी चूल सारवायची, म्हणून तुला न शिकवता आलं." आईचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, पण हे वाक्य तिच्या हेलासकट कानात आहे. त्याच वाक्यावर मी वर्ग चालवत आले. नात संशोधक झाल्यावर मात्र मुलींना सांगायला लागले, "आपण इथे करतो ना, तेच माझी स्वानंदी तिकडे सिद्ध करतेय." स्वानंदीला कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीतल्या त्या गुरुवारी देवळ्याहून कुसाबाई सुनेला घेऊन आल्या; मुलगा अमोल खाली गाडीतच थांबला. सून वैष्णवी, आणि तिच्या खांद्यावर तिची लेक ईश्वरी. ईश्वरी तीन वर्षांची झाली तरी मान धरत नाही. तिच्या वेळी वैष्णवी नाशकात बँकेत होती, माझ्याकडे यायची. सातव्या महिन्यात बदली झाली आणि येणं थांबलं. पुढे मुलीच्या मेंदूला घड्याच पडलेल्या नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुसाबाईंनी मला फोन केला होता. मी म्हणाले होते, "पाठ असा मधेच मोडायला नको होता."

आता वैष्णवीला पुन्हा दिवस गेले होते आणि कुसाबाईंनी सगळं ठरवूनच आणलं होतं. सुनेने नोकरी सोडायची, बाळंत होईपर्यंत नाशकात नणंदेकडे राहायचं, एकही गुरुवार चुकवायचा नाही. ईश्वरी देवळ्यात राहणार.

"काकूंच्या नजरेखाली असली म्हंजे मला घोर नाय," त्या माझ्याकडे बोट दाखवत शेजारी बसलेल्या बाईला सांगत होत्या.

"ईश्वरीला माझ्याशिवाय कुणी भरवलं की ठसका लागतो, आई," वैष्णवी खालच्या आवाजात म्हणाली.

"शिकू की आम्ही. आम्ही काय पोरं वाढवली नाय?"

स्वानंदी बोलायला उभी राहिली. कागद नाही, पडदा नाही. म्हणाली, "मेंदूच्या पेशी आत खोलवर जन्मतात आणि मग बाहेरच्या बाजूला चढत जातात. वणीचा गड चढावा तशा. पण आधी पोचलेल्या खालीच बसतात आणि मागून आलेल्या त्यांच्यातून वाट काढत वर जाऊन बसतात."

"आमच्या गडावर उलटं," एक जण म्हणाली. "आधी आलेली बाई जागा सोडत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. नातीचं कौतुक मला आवरत नव्हतं.

"आणि चढणं मधेच थांबलं तर?" वैष्णवीने विचारलं.

स्वानंदीने ईश्वरीकडे एकदा पाहिलं. "तर थर नीट बसत नाहीत. पुढे घड्याही पडत नाहीत. बहुतेक वेळा एखाद्या जनुकात बिघाड असतो. आईच्या वागण्याचा त्यात हात नसतो."

"हे कुठल्या महिन्यात होतं?"

"मुख्य चढण तिसऱ्यापासून साधारण सहाव्यापर्यंत. बाळाला ऐकू यायला लागतं ते त्यानंतर."

कुसाबाई सावकाश म्हणाल्या, "मंग पाठाचं काय? काकू तर म्हनल्या, पाठ मोडला म्हनून पोर अशी झाली."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. स्वानंदीही. तेवढ्या नजरांसमोर माझ्या तोंडून निघालं, "मी तसं कुठे म्हणाले? पाठ मोडू नये, एवढंच म्हणाले."

वैष्णवी शांतपणे म्हणाली, "काकू, फोन स्पीकरवर होता. मी तिथेच बसले होते."

मी चहाचं निमित्त करून आत गेले. गॅस न पेटवताच उभी राहिले. स्वानंदी मागोमाग आली.

"आजी, तू यांना सांगत होतीस, मी हे सिद्ध केलंय म्हणून?"

"तुझा अभिमान वाटतो गं."

"मला विचारायचंस तरी."

"तूच सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

"मी आत्ताच तर सांगितलं. कुठे ऐकलं? मी काल आलेली पोर. कुसाबाई तुझ्या शब्दावर वैष्णवीला लेकीपासून तोडून इथे ठेवून चालल्यात."

मी पदराने तोंड पुसलं आणि बाहेर आले. खुर्चीवर बसवेना. उभ्यानेच म्हणाले, "कुसाबाई, मी म्हणाले होते, आणि मघाशी नाही म्हणाले तेही खोटं. ईश्वरीचं जे झालं ते तिला माझा पाठ ऐकू येण्याआधीच झालेलं होतं. वैष्णवी रोज आली असती तरी झालं असतं. स्वानंदीने काही सिद्ध केलेलं नाही, ते मीच जोडलं. हिला इथे ठेवू नका."

कुसाबाई म्हणाल्या, "तीन वर्सं मी हिला बोलत आले, काकू. पाव्हन्यारावळ्यांत बोलले. मला वाटायचं, शास्त्र्याची लेक सांगती, ते काय खोटं आसंल?"

"चूक माझी आहे."

"तुमची हायेच. पन तोंड माझं चाललं." त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. "आता काय करायचं, ते तरी नीट सांगा."

ते मला माहीत नव्हतं. स्वानंदीने सांगितलं. आधी ईश्वरीची आणि आईबापांची जनुकांची तपासणी, तीही याच आठवड्यात, म्हणजे पोटातल्या बाळाचं काय तपासायचं ते कळेल. वैष्णवी तिला एकामागून एक विचारत राहिली. मला कुणी काही विचारलं नाही. मुली एकेक करून उठल्या. नेहमी दारात रेंगाळतात, त्या दिवशी चपला घालून सरळ जिना उतरल्या.

"चल," कुसाबाई सुनेला म्हणाल्या, "अमोल खाली गाडीत ताटकळला आसंल. पोरीला दे हिकडं. मान कशी धरायची ते दाव आधी."

वैष्णवीने त्यांचा हात घेऊन ईश्वरीच्या मानेखाली ठेवला. मग रीतीप्रमाणे माझ्यासमोर वाकली. मी पाय मागे घेतले. तिने क्षणभर थांबून, जिथे माझे पाय होते तिथल्या फरशीला हात लावला आणि निघून गेली.